गुन्हेगारीशास्त्रातील तज्ज्ञ कोण ठरवतो? : नोंदणी आणि मान्यतेचा इतिहास

प्रास्ताविक

पंजाब विद्यापीठात न्यायसहायक विज्ञान आणि गुन्हेगारीशास्त्र शिकवले जाते. त्याच चंडीगड शहरात, सेक्टर ३६ मध्ये, केंद्रीय न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे आणि पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयही आहे. समजा, तुम्ही इथून पदव्युत्तर पदवी घेतली. तुमचा वर्गमित्र वकील झाला, तर अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार त्याला बार कौन्सिलकडे नोंदणी करावी लागेल. डॉक्टर मैत्रिणीचे नाव वैद्यकीय नोंदवहीत असेल. तुमचे नाव कोणत्या नोंदवहीत असेल?

उत्तर आहे : कोणत्याही नाही. भारतात गुन्हेगारीशास्त्रज्ञांना परवाना देणारी वैधानिक परिषद नाही. मग न्यायालयात ‘तज्ज्ञ’ म्हणून कोणाला उभे राहता येते, हे आजवर कसे ठरत आले? या पाठात तो इतिहास पाहू.

एक भेद आधी लक्षात घ्या. गुन्हेगारीशास्त्र गुन्ह्याची कारणे, गुन्हेगार आणि समाज यांचा अभ्यास करते. न्यायसहायक विज्ञान रक्त, हस्ताक्षर, बोटांचे ठसे अशा भौतिक पुराव्याची तपासणी करते. मान्यतेचा प्रश्न मात्र दोघांनाही सारखाच लागू होतो.

१. पहिला मार्ग : न्यायाधीशाचा निर्णय

भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ४५ ने परकीय कायदा, विज्ञान, कला आणि हस्ताक्षराची ओळख या बाबतींत ‘विशेष कुशल’ व्यक्तीचे मत ग्राह्य धरले. त्यासाठी पदवी किंवा परवाना हवा, असे कलमात म्हटले नव्हते. साक्षीदार कुशल आहे की नाही, हे त्या खटल्याचा न्यायाधीश ठरवणार होता.

१८९७ मध्ये कोलकात्यात अंगुलीमुद्रा कार्यालय सुरू झाले. ठशांच्या वर्गीकरणाच्या कामात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या भारतीय कर्मचाऱ्यांचा मोठा वाटा होता. दोनच वर्षांनी, १८९९ मध्ये, कलम ४५ मध्ये बोटांच्या ठशांची भर पडली. इथला क्रम पाहा : आधी काम सुरू झाले, मग कायद्याने ते मान्य केले. विद्यापीठातील शिक्षण तर आणखी बऱ्याच काळाने आले.

२. दुसरा मार्ग : सरकारी पद

विषप्रयोगाच्या प्रकरणांसाठी ब्रिटिश काळात मद्रास, कोलकाता, आग्रा आणि मुंबई येथे रासायनिक तपासणीच्या प्रयोगशाळा निघाल्या. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१० ने सरकारी रासायनिक परीक्षकाचा अहवाल थेट पुरावा म्हणून वापरण्याची सोय केली. १९७३ च्या संहितेत तेच सूत्र कलम २९३ मध्ये विस्तारले. त्या यादीत अंगुलीमुद्रा कार्यालयाचे संचालक, केंद्रीय व राज्य न्यायसहायक प्रयोगशाळांचे अधिकारी, इतकेच नव्हे तर मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालकही आहेत.

ही यादी नीट वाचा. तिच्यात पात्रतेचा उल्लेख नाही, पदांचा आहे. चंडीगडच्या प्रयोगशाळेतील सहायक संचालकाचा अहवाल त्याला साक्षीला न बोलावताही वाचला जाऊ शकतो. न्यायालयाला वाटले, तर ते त्याला बोलावू शकते. तेवढेच शिकलेल्या खासगी तज्ज्ञाला मात्र पिंजऱ्यात उभे राहून आपले तज्ज्ञत्व सिद्ध करावे लागते. आरोपीच्या बाजूने हे ओझे किती जड पडत असेल, याचा विचार करा.

३. शिक्षण आले, परवाना आला नाही

१९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य पदवी विद्यालय सुरू झाले. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. बालगुन्हेगारी आणि तुरुंग-सुधारणा यांचा अभ्यास तिथे रुजला. १९५९ मध्ये सागर विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्र व न्यायसहायक विज्ञानाचा विभाग निघाला. १९७० मध्ये भारतीय गुन्हेगारीशास्त्र परिषद स्थापन झाली. पण ती अभ्यासकांची ऐच्छिक संघटना आहे, तिचे सदस्यत्व म्हणजे परवाना नव्हे. २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ उभे राहिले. तेही पदवी देते. व्यवसायाची नोंदवही ठेवत नाही.

४. न्यायालयांनी लावलेल्या कसोट्या

नोंदवही नसल्याने कसोटीचे काम न्यायालयांवर पडले. हिमाचल प्रदेशातील रोगट सफरचंदांच्या खरेदीच्या प्रकरणात (राज्य विरुद्ध जय लाल, १९९९) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तज्ज्ञाने विषयाचा विशेष अभ्यास केलेला असावा किंवा त्याला विशेष अनुभव असावा. मताची कारणेही त्याने दिली पाहिजेत, कारण निर्णय न्यायाधीशाला घ्यायचा असतो.

याहून गंभीर प्रश्न चंडीगडच्या उच्च न्यायालयापुढे आला. २०१७ मध्ये गुरुग्राममधील एका शाळेत लहान विद्यार्थ्याचा खून झाला. संशयित सोळा वर्षांवरील विद्यार्थी होता. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १५ नुसार, त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालावा का, हे ठरवण्यासाठी आधी त्याच्या मानसिक क्षमतेचे मूल्यमापन आवश्यक होते. ते योग्य रीतीने झाले नाही, असे ठरवून उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. मंडळात बालमानसशास्त्र किंवा बालमनोविकारशास्त्राचा जाणकार नसेल, तर तज्ज्ञांची मदत घेणे बंधनकारक आहे, असेही स्पष्ट केले. एका मुलाचे पुढचे सारे आयुष्य आणि दुसऱ्या मुलाच्या कुटुंबाला मिळणारा न्याय, दोन्ही एका मूल्यमापनावर अवलंबून होते.

५. अर्धवट राहिलेले प्रयत्न

खासगी सुरक्षा संस्थांना २००५ च्या कायद्याने परवाना सक्तीचा झाला. खासगी गुप्तहेर संस्थांसाठीचे २००७ चे विधेयक मात्र कायदा झाले नाही. डीएनए प्रयोगशाळांच्या नियमनाचे २०१९ चे विधेयक २०२३ मध्ये मागे घेतले गेले. म्हणजे दारावरच्या सुरक्षारक्षकाची संस्था परवान्याखाली आहे. गुन्ह्याचा अर्थ लावणारा अभ्यासक नाही.

६. नवे कायदे, जुना प्रश्न

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्यांची पूर्ण अंमलबजावणी करणारे देशातील पहिले ठिकाण म्हणून ३ डिसेंबर २०२४ रोजी चंडीगडमध्येच पंतप्रधानांच्या उपस्थितीत कार्यक्रम झाला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे अपेक्षित आहे; त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. पदांच्या जुन्या यादीतही एक बदल झाला. ‘सरकारी वैज्ञानिक तज्ज्ञ’ या शब्दांतील ‘सरकारी’ गेला आणि अधिसूचनेने ‘प्रमाणित’ केलेल्या तज्ज्ञालाही जागा मिळाली. दार किंचित उघडले आहे. प्रमाणित कोणत्या कसोटीवर करायचे, हा प्रश्न उरतो.

सारांश

दीडशे वर्षांत तज्ज्ञाला मान्यता मिळाली ती खटल्यापुरती किंवा खुर्चीपुरती. या व्यवस्थेतील खरी उणीव प्रवेशाच्या परीक्षेची नाही. एका न्यायालयाने निष्काळजी ठरवलेला तज्ज्ञ दुसऱ्या दिवशी दुसऱ्या न्यायालयात उभा राहू शकतो, कारण ज्यातून नाव वगळावे अशी नोंदवहीच नाही. वकिलाची सनद रद्द होते. इथे रद्द करण्यासारखे काही नसते. मात्र नोंदवही केवळ सरकारच्या हाती राहिली, तर आरोपीला स्वतंत्र तज्ज्ञ मिळणे आणखी अवघड होईल. नियमनाची रचना करताना या दोन्ही बाजू तोलाव्या लागतील.

विचारासाठी प्रश्न

१. ‘पदाला मान्यता’ आणि ‘व्यक्तीला परवाना’ यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करा.

२. गुन्हेगारीशास्त्रज्ञांसाठी परिषद स्थापन झाली, तर तिच्यात कोणाचे प्रतिनिधी असावेत? कारणे द्या.