मागच्या दोन चाकांचा इतिहास

पोर्शे ९११चं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे बसवलेलं आहे, आणि या एका निर्णयाची किंमत साठ वर्षं तिचे टायर मोजत आले आहेत. या गाडीवरची पुस्तकं इंजिनाच्या ताकदीपासून सुरू होतात आणि बहुतेक तिथेच संपतात. मी श्टुटगार्टच्या परिसरात टायरच्या चाचण्यांचं काम करते, त्यामुळे त्सुफेनहाउझेनच्या पोर्शे संग्रहालयात गेले की माझी नजर आधी खाली जाते. टायर किती रुंद, कोणत्या कंपनीचा, कडेला काय छापलंय, हे आधी बघायचं, बाकी गाडी नंतर. टायर ज्या क्रमाने बदलत गेले त्याच क्रमाने ९११ शहाणी होत गेली, असं माझं ठाम मत आहे. ट्रॅक्शन कंट्रोल या कहाणीत फार उशिरा येतं, आणि आल्यावरही त्याला टायरचंच ऐकावं लागतं.

१९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी ९०१ या नावाने लोकांसमोर आली. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितला आणि पुढच्या वर्षी तिची ९११ झाली. इंजिन १९९१ सीसीचं, सहा सिलिंडरचं, १३० अश्वशक्तीचं. रिम साडेचार इंच रुंद आणि टायर १६५ मिलिमीटरचे, पुढे-मागे अगदी सारखे. आज साध्या घरगुती हॅचबॅकलाही यापेक्षा रुंद टायर असतात. त्या अरुंद रबरावर साठ टक्क्यांच्या आसपास वजन मागे, तेही ॲक्सलच्या पलीकडे लोंबणारं.

मागच्या चाकांवर चालणारी गाडी महाराष्ट्राला नवी नाही. कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी तशीच होती. आमच्या घरी ती होती, आणि पहिल्या पावसात घाटाच्या चढाला बाबा रेस देताना किती जपायचे ते मला स्वच्छ आठवतं. पद्मिनीचं इंजिन पुढे, मागचा भाग हलका, म्हणून ओल्या चढावर मागची चाकं जागच्या जागी फिरायची. ९११चं दुखणं याच्या बरोबर उलटं आहे. इंजिनाचं सगळं वजन मागच्या चाकांवर बसल्यामुळे सरळ रस्त्यावर, चढावर, अगदी पावसातही ती सुरेख पकड घेऊन निघते. अडचण वळणात येते. वेगाने वळताना घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की गाडीचा भार पुढच्या चाकांवर सरकतो, मागचे टायर हलके पडतात, आणि मागचं जड इंजिन आपल्याच वेगाने बाहेरच्या बाजूला ओढत जातं. शेपूट पुढे यायला बघतं. घाबरलेला माणूस आपसूक जे करतो, नेमकं तेच या गाडीत करायचं नसतं.

कारखान्याला हे माहीत होतं. लुडविग्सबुर्गजवळ जुन्या ९११ दुरुस्त करणारे एक वयस्कर कारागीर आहेत. त्यांच्याकडे मी एकदा ओतीव लोखंडाचा एक ओबडधोबड ठोकळा हातात घेऊन पाहिला. वजन अकरा किलो. सुरुवातीच्या काही ९११ गाड्यांच्या पुढच्या बंपरमध्ये असे दोन ठोकळे, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, लपवलेले असत. ज्या कंपनीत एकेक किलो वाचवण्यासाठी माणसं डोकं खपवत होती, तिथे नाक जमिनीला टेकून राहावं म्हणून बावीस किलो लोखंड घातलं जात होतं. मग १९६८च्या उन्हाळ्यानंतर बनलेल्या गाड्यांत मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली. इंजिन जागेवरच राहिलं. एवढ्याशा बदलाने तोल बराच सुधारला.

पण खरं पाऊल पडलं ते १९७२च्या ऑक्टोबरमध्ये, पॅरिसच्या प्रदर्शनात. कॅरेरा आरएस २.७ ही गाडी लोकांना आठवते ती तिच्या बदकाच्या शेपटीसारख्या मागच्या पंखामुळे. मला ती आठवते टायरसाठी. पुढे १८५, मागे २१५. रस्त्यावर विकायच्या पोर्शेत पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या मापाचे असण्याची ही पहिली वेळ होती. त्यामागचा विचार सरळ आहे. मागे पकड जास्त दिली की हद्दीवर गाडीचं नाक आधी बाहेर सरकतं, शेपूट नंतर. नाक सरकलं की स्टिअरिंग हलकं लागतं, चालवणाऱ्याला इशारा मिळतो आणि तो वेग कमी करतो. शेपटीचा इशारा कळेपर्यंत बहुतेकांना उशीर झालेला असतो. आज जवळजवळ प्रत्येक ताकदवान, मागच्या चाकांवर चालणाऱ्या स्पोर्ट्‌स कारला मागे रुंद आणि पुढे त्याहून अरुंद टायर असतात. तो शहाणपणा रस्त्यावरच्या ९११मध्ये इथून आला.

दोनच वर्षांनी पोर्शेने ९११ला टर्बो लावला. कंपनीतला तिचा क्रमांक ९३०, तीन लिटरचं इंजिन, २६० अश्वशक्ती, गिअर फक्त चार. टर्बो फिरतो तो एक्झॉस्टच्या वायूवर. पाय दाबला की आधी काहीच घडत नाही, कारण वायूचा जोर अजून तयार झालेला नसतो. तो तयार झाला की सगळी ताकद एकदम मागच्या चाकांवर येऊन आदळते. समजा वळणाच्या तोंडाशी पाय दाबला आणि ताकद आली वळणाच्या मध्यावर. मागचे टायर घसरू लागले. माणूस दचकला आणि त्याने पाय काढला. भार पुढे गेला, मागचे टायर हलके झाले, आणि ९११चं ते जुनं दुखणं त्याच क्षणी उपटलं. इंग्रजी मुलुखात तिला ‘विडोमेकर’, म्हणजे विधवा करणारी, म्हणत. यात इलेक्ट्रॉनिक्सचा हात कुठेच नव्हता. ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएससुद्धा नव्हतं. मधे उभा होता तो फक्त टायर.

आणि म्हणूनच पिरेलीचा पी७ हा माझ्या मते त्या दशकातला सगळ्यात महत्त्वाचा सुटा भाग आहे. रुंद आणि बुटका टायर बनवणं तेव्हा सोपं नव्हतं. वेग वाढला की टायरच्या आतले पोलादी तारांचे पट्टे बाहेरच्या दिशेने फुगू पाहतात, कडा तापतात, आणि टायर स्वतःला फाडून घेतो. पिरेलीने पोलादी पट्ट्यांवर नायलॉनचा एक पट्टा थेट फिरण्याच्या दिशेत, शून्य अंशाच्या कोनात गुंडाळला. नायलॉन तापल्यावर आकसतं. म्हणजे टायर जितका गरम होईल तितका हा पट्टा घट्ट होणार. हा टायर आधी लान्चिया स्ट्रॅटॉस या रॅलीच्या गाडीवर घडला, मग ९३०वर आला: पुढे २०५, मागे २२५, दोन्हीकडे कडेची उंची रुंदीच्या निम्मी. बुटकी कड वाकत नाही, त्यामुळे स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी वळली यांच्यामधला वेळ कमी होतो. गाडीला तो टायर मिळाला म्हणून १९७८ला तीनशे अश्वशक्ती देण्याची हिंमत झाली, असं मी म्हणेन. त्या वर्षी चाकंही सोळा इंची झाली.

योगायोग असा की त्याच १९७८ साली बॉशचं एबीएस मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये आलं. प्रत्येक चाकाचा वेग मोजणारे सेन्सर आधी ब्रेकसाठी बसले, पण एकदा ते बसल्यावर पुढचं पाऊल जवळच होतं. मागचं चाक पुढच्यापेक्षा जास्त वेगाने फिरतंय म्हणजे ते घसरतंय. मग इंजिनाची ताकद कमी करा किंवा त्या एका चाकाला हलकासा ब्रेक लावा. ट्रॅक्शन कंट्रोल म्हणजे मुळात एवढंच. घसरण पूर्ण थांबवायची नसते. कोरड्या रस्त्यावर टायर थोडासा घसरत असतानाच, साधारण दहा ते वीस टक्के, सगळ्यात जास्त ओढतो. संगणकाचं काम त्याला त्या पट्ट्यात ठेवणं. १९९५ला मर्सिडीझने ईएसपी आणलं, जे गाडी स्वतःभोवती किती फिरतेय तेही मोजतं. १९९७ला स्वीडनच्या एका नियतकालिकाच्या चाचणीत छोटी ए-क्लास कलंडली आणि तिच्यात ईएसपी सरसकट देण्यात आलं. नोव्हेंबर २०१४पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला ते सक्तीचं आहे.

९११ला एबीएस मिळालं १९८९च्या पिढीत, आणि पीएसएम नावाची स्थिरतेची यंत्रणा नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटी. टर्बोचा प्रश्न पोर्शेने १९९५ला वेगळ्या वाटेने मिटवला: ताकद चारही चाकांना वाटून दिली. तरीही मागच्या चाकांवरची, कोणत्याही आधाराशिवायची ९११ संपली नाही. २००१ची जीटी२ घ्या. ४६२ अश्वशक्ती, दोन टर्बो, मागे ३१५ मिलिमीटरचे टायर, आणि ट्रॅक्शन कंट्रोल नाही. ही गाडी मला अतिशय प्रामाणिक वाटते, आणि ती पावसात चालवणाऱ्याबद्दल मला खरोखर काळजी वाटते.

इंजिन मधे असलेली कॅरेरा जीटी ही वेगळी गाडी, पण तिच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. २००३ ते २००६ या काळात त्या १२७० बनल्या. दहा सिलिंडर, ६१२ अश्वशक्ती, ट्रॅक्शन कंट्रोल आहे, पीएसएम नाही. २०१३च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियात याच गाडीच्या अपघातात अभिनेता पॉल वॉकर आणि चालवणारा त्याचा मित्र दोघे गेले. वेग फार होता, आणि तपासात आढळलं की टायर नऊ वर्षांचे होते. नक्षी शिल्लक असली तरी रबर म्हातारं होतं. त्यातली तेलं उडून जातात, ते कडक होतं, आणि गोटा न झालेला टायरही दगडासारखा वागू लागतो. ट्रॅक्शन कंट्रोल टायरकडे असलेली पकड वाटून देऊ शकतं, नसलेली निर्माण करू शकत नाही. या वाक्यावर माझा सगळा व्यवसाय उभा आहे. प्रत्येक टायरच्या कडेवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. लाखो युरोंची गाडी घेणारी माणसं ते चार आकडे वाचत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

याची दुसरी बाजू २०२४ला दिसली. मिशेलिनने कॅरेरा जीटीसाठी नवे पायलट स्पोर्ट कप २ टायर तयार केले, आणि रेसिंग ड्रायव्हर यॉर्ग बेर्गमाइस्टर तीच जुनी गाडी घेऊन नुर्बुर्गरिंगच्या शर्यतमार्गावर उतरला. इंजिन तेच, संगणक तोच. फेरीची वेळ या गाडीच्या जुन्या वेळेपेक्षा सुमारे सोळा सेकंदांनी कमी झाली. वीस वर्षांत रसायनशास्त्राने किती मजल मारली, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

आजच्या, २०१८ला आलेल्या ९११मध्ये पुढच्या चाकांच्या कमानीत असे सेन्सर आहेत जे टायरने उडवलेल्या पाण्याचा आवाज ऐकतात. रस्ता ओला आहे असं कळलं की यंत्रणा आधीच सावध होते आणि चालवणाऱ्याला वेट मोड लावायला सुचवते. घसरल्यावर सावरणं हा जुना मार्ग, घसरण्याआधी ऐकणं हा नवा. पण ऐकायचं ते टायरचंच, हे मला फार आवडतं. पोर्शेने तपासून मान्य केलेल्या टायरवर आज एन हे अक्षर आणि एक आकडा असतो. इथे जर्मनीत ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर चढवायची रीत आहे, कारण पारा सात अंशांच्या खाली गेला की उन्हाळी रबर आखडतं. ५०० अश्वशक्तीच्या गाडीत ते जितकं खरं, तितकंच शेजारच्या छोट्या पोलोत.

आणि जुन्या गाड्यांचं काय? त्यांना ऐकणारे सेन्सर कुणी बसवू शकत नाही. म्हणून पिरेली पी७ पुन्हा बनवते. वरची नक्षी सत्तरच्या दशकातली, मिश्रण आजचं. लुडविग्सबुर्गजवळच्या त्याच कारागिरांकडे नुकतेच एका ९३०ला हे टायर चढले. मालकाला मी सांगितलं, पहिले दोनशे किलोमीटर सांभाळून चालवा, साच्यातून येताना बसलेला तेलकट थर घासून निघेपर्यंत यांची खरी पकड मिळणार नाही, आणि तोवर वळणात टर्बो जागा होऊ देऊ नका.