कळमन्यातील घर: आधी भिंती, मग रस्ता

पूर्व नागपुरातील कळमना आपण ओळखतो ते संत्री, धान्य आणि मिरचीच्या बाजारासाठी. घराच्या जाहिरातीत हा बाजार 'जवळची सुविधा' म्हणून मिरवतो. तो उभा राहिला मात्र शेतमालासाठी. वस्तीचा इतिहास निराळाच आहे.

१९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास स्थापण्याची तरतूद झाली. आधी रस्ते-गटारे, मग घरे, हा नगररचनेचा अपेक्षित क्रम. शहराच्या कडेला शेतीचे तुकडे पडले आणि तो उलटला. १ जानेवारी २००१ पूर्वीची अशी बांधकामे शुल्क घेऊन नियमित करण्याची वाट २००१ च्या गुंठेवारी कायद्याने काढली. म्हणजे रहिवाशाने दोनदा पैसे मोजायचे: एकदा भूखंडाचे, पुन्हा विकासशुल्काचे. म्हणूनच उपनगराचा इतिहास वाचताना आम्हांला घराच्या नकाशापेक्षा शुल्काची पावती अधिक बोलकी वाटते.