द्यूतगृहातील पाहुणचार

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणाच्या अखेरीस द्यूताविषयी जे नियम ग्रथित झाले आहेत, ते वाचताना वाचकाचे लक्ष सामान्यतः कपटाने फासे टाकणाऱ्यास सांगितलेल्या दंडाकडे जाते. पण द्यूतगृहाचा चालक आणि तेथे येणारा खेळाडू यांचे परस्परनाते समजून घ्यावयाचे असेल, तर त्याच प्रकरणातील जमाबंदीच्या एका रूक्ष कलमापाशी थांबले पाहिजे. द्यूताध्यक्षाने सर्व खेळ एकाच ठिकाणी चालवावा, अन्यत्र खेळेल त्यास बारा पण दंड करावा, जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच घ्यावे, आणि त्याखेरीज खेळाच्या साधनांचे भाडे, इतकेच नव्हे तर पाण्याचे आणि बसावयाच्या जागेचेही मोल वसूल करावे, अशी ती व्यवस्था आहे. ज्या व्यवहारात पुढे मद्य, भोजन, शय्या आणि विमानाचे तिकीट ही सर्व विनामूल्य मिळू लागली, त्याच व्यवहारात एके काळी घोटभर पाण्याचाही दाम घेतला जाई, ही गोष्ट मला त्या सबंध इतिहासाची किल्ली वाटते.

कौटिल्याच्या अध्यक्षाला आर्जव करण्याचे कारणच नव्हते. त्याचा वाटा उघड होता, तो जिंकणाऱ्याच्या हातातून सर्वांदेखत घेतला जाई, आणि न पटल्यास दुसरीकडे जाण्याची मुभा खेळाडूला राजाज्ञेने नाकारली होती. पाहुणचार सुरू झाला तो या दोन्ही गोष्टी पालटल्यावर. चालकाचा वाटा खेळाच्या रचनेतच सामावला गेला, आणि खेळाडूला दुसरे दार उपलब्ध झाले. रूलेटच्या चक्रावर एक शून्य धरून सदतीस घरे असतात आणि अचूक आकड्यास पस्तीस पट मिळतात. या दोन अंकांतील अंतर हेच घरमालकाचे उत्पन्न होय. ते कोणी मागत नाही आणि म्हणून कोणी देत असल्याचेही जाणवत नाही. अशा अदृश्य उत्पन्नातला काही अंश दृश्य स्वरूपात परत करणे, हे ज्याला प्रथम पूर्णपणे साधले, तो माणूस म्हणजे फ्रान्स्वा ब्लाँ.

ब्लाँ आणि त्याचा जुळा भाऊ यांनी १८४० च्या दशकात जर्मनीतील होम्बुर्ग या कर्जबाजारी संस्थानात खेळाचा मक्ता मिळविला. तेव्हा अन्यत्र चक्रावर दोन शून्ये असत आणि चालकाच्या पदरी शेकडा सव्वापाच पडत. ब्लाँने एक शून्य काढून टाकले आणि आपला वाटा शेकडा पावणेतीनच्याही किंचित खाली आणला. माझ्या मते यानंतर द्यूतगृहांनी ज्या ज्या सवलती दिल्या, त्या सर्वांत ही एकच सवलत निर्भेळ होती, कारण ती खेळातच होती आणि ती घेण्यासाठी खेळाडूला अधिक काही खर्चावे लागत नव्हते. १८६३ साली ब्लाँ मोनॅकोला आला. मेंतों आणि रोकब्रून ही गावे हातची जाऊन त्या चिमुकल्या संस्थानाचा महसूल खालावला होता. तिसऱ्या चार्ल्सने पन्नास वर्षांचा मक्ता दिला, १८६८ साली आगगाडी आली, आणि दुसऱ्याच वर्षी मोनॅकोच्या प्रजेला करमाफी मिळाली. उद्याने, संगीत, सागरतीरावरील निवास हे सर्व ब्लाँच्या खर्चाने उभे राहिले. मात्र ज्या प्रजेचे कर कॅसिनोच्या उत्पन्नातून फिटले, त्या प्रजेला कॅसिनोत खेळण्याची मनाई होती.

याच ठिकाणी एक असा शिरस्ता पडला की, त्याचा विचार करताना मन सहजासहजी एका निर्णयावर येत नाही. सर्वस्व गमावून बसलेल्या खेळाडूस कॅसिनोच्या कचेरीतून घरी परतण्यापुरते गाडीभाडे मिळे. त्याची रीतसर नोंद होई, आणि ती रक्कम परत भरीपर्यंत त्याला दिवाणखान्यात पुन्हा प्रवेश नसे. नादार झालेल्या माणसांच्या आत्महत्यांच्या वार्ता वृत्तपत्रांत येत, आणि त्या संस्थेला परवडणाऱ्या नव्हत्या, हे खरे. तथापि हेतू व्यावहारिक होता म्हणून त्या पैशाने घरी पोचलेल्या माणसाचे पोचणे खोटे ठरत नाही. आणि पुढील काळातील झगमगत्या देणग्यांशी तुलना केली असता, ज्याच्याकडून आता काहीही मिळावयाचे नाही अशाला दिलेली ही देणगी मला अधिक आदरणीय वाटते.

अमेरिकेतील नेवाडा राज्याने १९३१ साली जुगारास कायदेशीर मान्यता दिली, तेव्हा लास व्हेगास हे वाळवंटातील आगगाडीचे एक ठाणे होते. लॉस एंजेलिसहून तेथवर येणाऱ्याला चारशेहून अधिक किलोमीटरचे ओसाड रान तुडवावे लागे. इतक्या दूर माणसाला आणावयाचे आणि आणल्यावर पैशाअभावी नव्हे पण भुकेने किंवा झोपेने तो उठून जाऊ नये अशी तजवीज करावयाची, हा तेथील धंद्याचा मूळ प्रश्न होता. १९४१ साली लॉस एंजेलिसच्या हमरस्त्यावर एल रांचो व्हेगास उघडले, आणि त्याच दशकात तेथे मध्यरात्रीनंतर एका डॉलरात हवे तितके जेवण मांडण्याचा प्रघात पडला. लास व्हेगासच्या सुप्रसिद्ध बुफेची परंपरा येथून सुरू होते. शहराच्या जुन्या भागातील गोल्डन गेट या कॅसिनोने १९५९ साली कोळंबीचा पेला पन्नास सेंटला देण्यास आरंभ केला आणि तीन दशकांहून अधिक काळ तो भाव टिकवून धरला. भटारखान्याचे खाते तोट्यात चालले तरी चालेल, कारण भटारखान्यात जाण्याची वाट खेळाच्या मेजांमधून जाते, हे तत्त्व त्या काळी इतके सर्वमान्य झाले होते की, भोजनगृहाने स्वतःचा खर्च स्वतः भागवावा अशी अपेक्षाच कोणी करीत नसे.

मोठ्या रकमा लावणाऱ्यांसाठी हा पाहुणचार घराच्या उंबरठ्याबाहेर पडून त्यांच्या गावापर्यंत गेला. १९६० नंतरच्या काळात ज्यूलियस वाइनट्राउब या न्यूयॉर्कच्या गृहस्थाने ड्यून्स कॅसिनोसाठी खेळाडूंनी भरलेली विमानेच्या विमाने नेली. विमानभाडे, खोली, भोजन, मद्य यांतले काहीही पाहुण्याला पडत नसे. त्याने एवढेच करावयाचे की, ठरलेली रक्कम खेळासाठी जवळ ठेवावी आणि ठरलेले तास मेजापाशी बसावे. या सहलींना जंकेट म्हणत, आणि त्यांतूनच कोणाला किती द्यावे याचे एक शास्त्र तयार झाले. मेजांवर देखरेख करणारा पिट बॉस एका चिठ्ठीवर पाहुण्याची सरासरी पैज आणि बसण्याचा काळ टिपून ठेवी. चार तास, तासाला साठ डाव, प्रत्येक डावावर पंचवीस डॉलर, म्हणजे सहा हजार डॉलरांची उलाढाल. घराचा वाटा शेकडा दोन धरला तर अपेक्षित प्राप्ती एकशेवीस डॉलर. त्यातील तिसरा हिस्सा, म्हणजे चाळीस डॉलर, जेवणाच्या किंवा खोलीच्या रूपाने पाहुण्याला परत. प्रत्यक्षात तो जिंकला की हरला याचा या हिशेबाशी काहीही संबंध नाही. त्याला जे इनाम वाटते, ते त्याच्याच अपेक्षित तोट्यातून कापलेले असते.

हे गणित जेव्हा खेळाडूंनाही कळले, तेव्हा लाभ पदरात पाडून घेणाऱ्यांचा एक वर्ग निर्माण झाला, आणि त्यातील काहींनी ती एक विद्याच बनविली. अँथनी कर्टिस याने १९८३ साली ‘लास व्हेगास अ‍ॅडव्हायझर’ हे माहितीपत्र सुरू केले, आणि मॅक्स रुबिन याचे ‘कॉम्प सिटी’ हे पुस्तक १९९४ साली आले; खोल्या, जेवणे आणि कूपने यांचा कमीत कमी धोक्यात अधिकाधिक उपयोग कसा करावा हा त्यांचा विषय होता. कूपनांपैकी एक प्रकार विशेष अभ्यसनीय आहे. आपले पाच डॉलर आणि त्यांच्या जोडीला पाच डॉलरांचे कूपन लावावयाचे. जिंकल्यास दहा मिळतात, हरल्यास स्वतःचे पाचच जातात. दोन शून्यांच्या अमेरिकन चक्रावर लाल-काळ्याच्या पैजेत अडतीसपैकी अठरा वेळा जय आणि वीस वेळा पराजय धरला, तर एकशेऐंशी डॉलर येतात आणि शंभर जातात. म्हणजे प्रत्येक कूपनामागे दोन डॉलरांहून थोडे अधिक खेळाडूच्या पदरी राहतात. गणित बिनचूक आहे, पण त्याला एक अट आहे: ते कूपन संपताच उठावे लागते. मेजावर आणखी चाळीस डॉलर फिरविले की तेवढाच पाच टक्क्यांचा वाटा घराने घेतला आणि सगळी कमाई संपली.

न्यू जर्सीतील अटलांटिक सिटीत या इतिहासाला एक निराळेच वळण लागले. १९७६ च्या सार्वमताने तेथे कॅसिनोंना मान्यता मिळाली आणि १९७८ च्या मे महिन्यात पहिला कॅसिनो उघडला. ओसरलेले वैभव त्या समुद्रकिनाऱ्याच्या शहराला परत मिळावे म्हणून प्रत्येक कॅसिनोसोबत निदान पाचशे खोल्यांचे हॉटेल असलेच पाहिजे, असे कायद्याने बांधून दिले होते. परंतु कॅसिनोंनी न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाहून बसगाड्या सुरू केल्या. उतारूला पोचताच पाव डॉलरच्या नाण्यांची गुंडाळी आणि जेवणाची चिठ्ठी हातात मिळे, काही तासांनी तीच बस त्याला घरी नेई. भरभराटीच्या वर्षांत एक कोटीहून अधिक माणसे अशा रीतीने आली आणि गेली. यांत मुख्यत्वे निवृत्तिवेतनावर जगणारी वृद्ध मंडळी होती, ज्यांना समुद्राची हवा, सोबत आणि दिवसभराचा विरंगुळा हवा होता. शहराला मात्र त्यांपासून काही लाभले नाही. जेवण आत फुकट मिळत असल्यामुळे बाहेरची खाणावळ सर्वांना नकोशी झाली, आणि कॅसिनोंच्या भिंतींपलीकडची अनेक उपाहारगृहे, जी पडत्या काळातही तग धरून होती, ती या समृद्धीत बंद पडली. पाहुणचाराचा खर्च कोणाकोणावर पडतो याची ही बाजू मला फार महत्त्वाची वाटते. तो केवळ हरणाऱ्या खेळाडूवर पडत नाही.

पिट बॉसच्या चिठ्ठीची जागा १९८० नंतर हळूहळू खेळाच्या यंत्रात घालावयाच्या कार्डाने घेतली. हार्वर्डच्या व्यापारशाळेत अध्यापन करणारे गॅरी लव्हमन १९९८ साली हॅराज कंपनीत दाखल झाले आणि त्यांनी या कार्डाच्या नोंदींवरच कंपनीचे धोरण उभारले. बड्या जुगाऱ्याच्या विमानभाड्यापेक्षा, पुन्हा पुन्हा येऊन थोडे थोडे खेळणारा मध्यमवर्गीय माणूस अधिक मोलाचा, हे त्या नोंदींतून सिद्ध झाले. कोणत्या गृहस्थाला कोणत्या आठवड्यात खोलीचे निमंत्रण धाडले असता तो येईल, हेही आता कळू लागले.

तरीही हिशेब चुकविणारी माणसे निघालीच, आणि त्यांतील दोन उदाहरणे एकमेकांशेजारी ठेवण्यासारखी आहेत. २००८ च्या मंदीने गांजलेल्या अटलांटिक सिटीतील कॅसिनोंनी डॉन जॉन्सन नावाच्या ब्लॅकजॅकपटूला मोठ्या रकमांच्या आशेने अशा अटी मान्य केल्या की, दिवसाच्या तोट्यातील शेकडा वीस त्याला परत मिळावे. नियमांतही काही अनुकूल फेरफार त्याने लिहून घेतले होते. पाच लाख गमावले तर एक लाख परत आणि जिंकले तर सर्व आपले, या पायावर त्याने अल्पावधीत तीन कॅसिनोंमधून सुमारे दीड कोटी डॉलर मिळविले, त्यांतील जवळजवळ साठ लाख तर २०११ च्या एप्रिलमधील एका रात्रीत.

दुसरे उदाहरण न्यूयॉर्कच्या फ्लशिंग वस्तीतील वृद्ध चिनी स्थलांतरितांचे. पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम येथे, बंद पडलेल्या पोलाद कारखान्याच्या जमिनीवर, २००९ साली कॅसिनो उघडला. बसचे भाडे सुमारे पंधरा डॉलर होते, आणि पोचल्यावर पंचेचाळीस डॉलरांच्या खेळाचे कार्ड मिळे. ही माणसे ते कार्ड दुसऱ्या कोणाला थोड्या कमी किमतीत विकीत, काही तास बाकांवर आणि आवारात काढीत, आणि परत येत. कित्येकजण दुसऱ्या बसने पुन्हा निघत. त्यांनी यंत्राला हातही लावला नाही. सवलतींचा लाभ घेण्याची कला जर कोणी पूर्णत्वास नेली असेल तर ती यांनी; पण भाषा न येणाऱ्या, कोणी कामावर ठेवीत नाही अशा म्हाताऱ्या माणसाने आयुष्यातील उरलेले दिवस बसच्या आसनावर झोपून काढावे, इतकी त्या कलेची किंमत होती. या प्रवासाचा धोकाही खरा होता: २०११ च्या मार्चमध्ये कनेक्टिकटमधील एका कॅसिनोहून चायनाटाउनकडे परतणारी बस ब्राँक्समध्ये उलटून पंधरा माणसे मृत्युमुखी पडली.

आपल्याकडे हा व्यवहार गोव्याच्या मार्गाने आला. तेथील १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना, आणि १९९६ साली पाण्यावरील जहाजांत मेजांच्या खेळांना परवानगी मिळाली. पणजीसमोर मांडवीच्या पात्रात उभ्या राहिलेल्या जहाजांवर पाहुणचाराची रीत अमेरिकेहून थोडी उलट आहे. येथे पाहुणा आधी प्रवेशशुल्क भरतो, आणि त्यातच बुफे, मद्य, गाण्याबजावण्याचा कार्यक्रम व काही रकमेची कूपने येतात. ती कूपने रोखीत बदलून मिळत नाहीत. ती एकदा पैजेवर लावलीच पाहिजेत, आणि जिंकल्यास जे मिळेल तेवढेच खरे. २०२० च्या फेब्रुवारीपासून गोमंतकीयांना या जहाजांवर मज्जाव झाला. मोनॅकोतही हीच रीत होती. पण तेथे प्रजेला निदान करमाफी मिळाली होती, गोमंतकीयांना तशी काही मिळालेली नाही, आणि मला हा फरक क्षुल्लक वाटत नाही.

महाराष्ट्राने १९७६ सालीच कॅसिनोंच्या नियंत्रणाचा व करआकारणीचा कायदा संमत केला होता, पण तो कधीही अमलात आला नाही, आणि २०२३ साली विधिमंडळाने तो रद्द करून टाकला. त्यामुळे मुंबई, पुणे, कोल्हापूर येथील हौशी मंडळींचा मोर्चा आजही पणजीकडेच वळतो, आणि शनिवारचे शुल्क इतर दिवसांहून अधिक असूनही गर्दी शनिवारचीच असते. जेवणाची आणि मद्याची बाजारभावाने किंमत धरून कूपनांच्या निम्म्या मोलाशी तिची बेरीज करावी, आणि ती प्रवेशशुल्काशी ताडून पाहावी, एवढे गणित जेट्टीवर रांगेत उभे असतानाच करण्यासारखे आहे. वर गेल्यावर ते करावयास सवड मिळत नाही.