काळयंत्राखालची मोटार

लॉस एंजेलिसच्या पीटरसन मोटार संग्रहालयात २०१६ साली एक रुपेरी मोटार प्रेक्षकांसमोर आली. १९८५ च्या 'बॅक टू द फ्यूचर' या चित्रपटात नायकाला तीस वर्षे मागे, १९५५ सालात नेणारी हीच ती डिलोरियन. पहिल्या चित्रपटासाठी अशा तीन मोटारी घेतल्या होत्या. ही त्यांतली मुख्य, जवळून चित्रण करण्यासाठी सजवलेली. तिच्यावरच्या तारा, नळ्या आणि दिवे पाहायलाच लोक येतात. आम्हांला मात्र त्या पसाऱ्याखालची मोटार अधिक मोलाची वाटते. वरचे सारे नाटकाचे सामान आहे. दुसऱ्या चित्रपटात दिसणारी अणुसंमीलनाची भट्टी तर कॉफीचे दाणे दळण्याच्या यंत्रापासून केलेली होती!

ही मोटार बनली उत्तर आयर्लंडमध्ये, बेलफास्टजवळच्या डनमरी येथे. त्या काळी तिथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट समाजांतला हिंसक संघर्ष चालू होता आणि बेकारीही मोठी होती. जॉन डिलोरियन या अमेरिकी अभियंत्याने कारखाना काढायचे ठरवले तेव्हा ब्रिटिश सरकारने त्यात सुमारे आठ कोटी पौंड घातले ते याच कारणाने. दोन्ही समाजांतले मिळून अडीच हजारांच्या आसपास लोक तिथे कामाला लागले. त्यांतल्या बहुतेकांनी पूर्वी कधी मोटार बांधलेली नव्हती.

१९८१ पासून मोटारी बाहेर पडू लागल्या. अंगाला रंग नाही. बाहेरचे पत्रे थेट स्टेनलेस स्टीलचे. या पोलादाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९१३ साली शेफिल्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर का झिजतात याचा शोध घेत होते आणि हाती लागले न गंजणारे पोलाद. डिलोरियनचे पोलाद त्याच घराण्यातले, पण पुढच्या पिढीचे; त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन क्रोमियमचा एक थर पृष्ठभागावर तयार होतो. तो मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाहूनही पातळ असतो आणि ओरखडा पडला तर स्वतःच पुन्हा भरून येतो. बोटांचे ठसे मात्र या पत्र्यावर फार उठून दिसतात. गंज टाळता येतो, हात लावणारे प्रेक्षक नाहीत!

पंखांसारखी वर उघडणारी दारे पाहून मुले हमखास विचारतील, एवढे जड दार एका हाताने कसे उचलले जाते? छतात एक पोलादी दांडी आहे. द्रव नायट्रोजनच्या, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाला ती पिळून ठेवलेली असते. दार बंद करताना पीळ वाढतो, उघडताना तीच साठलेली ऊर्जा हाताला मदत करते. ही दांडी ग्रमन कंपनीची. चंद्रावर माणसे उतरवणारे अपोलोचे यानही याच कंपनीने बांधले होते.

एवढे करूनही मोटार महाग होती, वजनाच्या मानाने इंजिन दुबळे होते आणि अमेरिकेत तेव्हा मंदी होती. सुमारे नऊ हजार मोटारींनंतर, १९८२ साली कारखाना बंद पडला. डिलोरियन यांना त्याच वर्षी अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली आणि १९८४ साली ते निर्दोष सुटले. कामगारांच्या नोकऱ्या मात्र परत आल्या नाहीत. चित्रपट पडद्यावर आला तेव्हा कारखाना बंद होऊन जवळजवळ तीन वर्षे झाली होती. चित्रपटाच्या सुरुवातीच्या आराखड्यात तर काळयंत्र म्हणून शीतकपाट होते. मुले खेळता खेळता शीतकपाटात अडकतील या धास्तीने ते बदलले. नाहीतर या मोटारीचे नाव आज किती जणांना ठाऊक असते, कोण जाणे.

चित्रणानंतर ही मोटार स्टुडिओत बरीच वर्षे ठेवलेली होती. तिच्यावर चढवलेले सामान मोडले, काही भाग लोकांनी काढून नेले. अखेर २०११-१२ मध्ये चित्रपटाच्या चाहत्यांनी, जुनी छायाचित्रे समोर ठेवून, ते एकेक करून पुन्हा बसवले.

या दुरुस्त केलेल्या मोटारीतही एक गोष्ट बेलफास्टची नाही. काळप्रवासाला ताशी ८८ मैल, म्हणजे सुमारे १४२ किलोमीटर वेग लागतो. पण तेव्हाच्या अमेरिकी नियमामुळे मूळ मोटारीचे वेगदर्शक ८५ मैलांवरच संपत होते. ८८ चा आकडा दाखवण्यासाठी चित्रपटवाल्यांना नवी तबकडी करून घ्यावी लागली.