टिन्झली, बीट्रिस हिल

टिन्झली, बीट्रिस हिल : (२७ जानेवारी १९४१ – २३ मार्च १९८१). दीर्घिकांच्या क्रमविकासाच्या अभ्यासाला गणिती प्रतिकृतींचा पाया घालून देणाऱ्या ज्योतिर्विद. जन्म इंग्लंडमधील चेस्टर येथे. १९४६ मध्ये त्यांचे कुटुंब न्यूझीलंडला गेले. क्राइस्टचर्च येथील कँटरबरी विद्यापीठात त्यांनी भौतिकीची एम्.एस्‌सी. पदवी मिळविली. १९६३ मध्ये त्या पतीसमवेत अमेरिकेत डॅलस येथे आल्या. तेथून सु. ३०० किमी. दूर असलेल्या ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात जाऊन-येऊन त्यांनी १९६६ मध्ये डॉक्टरेटचा प्रबंध पुरा केला.

दीर्घिका कशा निर्माण झाल्या, याविषयी १९६२ मध्ये एगेन, लिंडन-बेल व सँडेज यांनी एक महत्त्वाची उपपत्ती मांडली होती. आकाशगंगेतील जुन्या ताऱ्यांच्या कक्षांवरून, ती वायूच्या प्रचंड मेघाच्या जलद आकुंचनातून बनली असावी, असे त्यांनी दाखविले. परंतु एकदा बनलेली दीर्घिका पुढे कोट्यवधी वर्षांत कशी बदलते, याचा हिशेब कोणी पद्धतशीरपणे केलेला नव्हता. तो टिन्झली यांनी केला. दीर्घिकेत तारे कोणत्या त्वरेने जन्मतात, जन्मतः त्यांच्या वस्तुमानांची वाटणी कशी असते आणि प्रत्येक तारा किती काळ जगतो, ही माहिती घेऊन त्यांनी संगणकाच्या साहाय्याने दीर्घिकेचा रंग, तेजस्विता, उरलेला वायू व जड मूलद्रव्यांचे प्रमाण ही टप्प्याटप्प्याने काढली. मोठे निळे तारे अल्पायुषी, तर लहान तांबडे तारे दीर्घायुषी असल्याने नवे तारे बनणे थांबलेली दीर्घिका कालांतराने तांबूस व मंद होत जाते. हे संशोधन १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले.

या निष्कर्षाचा विश्वस्थितिशास्त्राशी थेट संबंध होता. ॲलन सँडेज हे विवृत्ताकार दीर्घिकांपैकी सर्वांत तेजस्वी दीर्घिकांना मानक दीप समजून विश्वाच्या प्रसरणाचे मंदन मोजीत होते. दूरची दीर्घिका पाहणे म्हणजे तिचा भूतकाळ पाहणे होय. त्या काळी ती अधिक तेजस्वी असेल, तर केवळ दिसणाऱ्या तेजावरून ती प्रत्यक्षापेक्षा जवळची ठरते आणि प्रसरणाचे मंदनही वाजवीपेक्षा अधिक भासते. हा बदल उपेक्षणीय नाही, असे टिन्झली यांनी आग्रहाने मांडले. सँडेज यांनी त्यास दीर्घकाळ विरोध केला. तथापि क्रमविकासाची दुरुस्ती केल्याशिवाय दीर्घिकांवरून विश्वाचे भवितव्य ठरविता येत नाही, हे मत पुढे सर्वमान्य झाले.

१९७४ मध्ये गॉट, गन व श्राम यांच्यासह लिहिलेल्या लेखात त्यांनी विश्वाची घनता क्रांतिक घनतेच्या सु. दशांशच असून प्रसरण कायम चालू राहील, असे प्रतिपादिले. घनतेचा हा आकडा आज कमी ठरला असला, तरी अखंड प्रसरणाचा निष्कर्ष टिकून आहे. १९७५ मध्ये त्यांनी व गन यांनी प्रसरण वेगवर्धी असण्याची शक्यताही मांडली. त्या वेळची निरीक्षणे यासाठी पुरेशी विश्वसनीय नव्हती. प्रवेगाचा भक्कम पुरावा १९९८ मध्ये अतिदीप्त नवताऱ्यांवरून मिळाला.

डॅलस येथे त्यांना योग्यतेनुरूप स्थायी पद मिळाले नाही. दोन दत्तक मुलांचा सांभाळ करीत त्यांनी बरेचसे संशोधन केले होते. १९७४ मध्ये घटस्फोट घेऊन व मुलांपासून दूर होऊन त्यांनी स्वतंत्रपणे संशोधनाची वाट धरली आणि १९७५ मध्ये त्या येल विद्यापीठात रुजू झाल्या. १९७८ मध्ये त्या तेथील ज्योतिषशास्त्राच्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. रिचर्ड लार्सन यांच्याबरोबर त्यांनी १९७७ मध्ये येल येथे दीर्घिकांच्या क्रमविकासावर परिषद भरविली. दोन सर्पिल दीर्घिकांच्या मीलनातून विवृत्ताकार दीर्घिका बनत असावी, ही आलार टूम्रे यांची कल्पना याच परिषदेत चर्चिली गेली. दीर्घिकांच्या परस्परक्रियेमुळे ताऱ्यांची निर्मिती एकाएकी वाढते, हे लार्सन व टिन्झली यांनी १९७८ मध्ये दीर्घिकांच्या रंगांवरून दाखवून दिले.

त्वचेच्या कर्करोगाने त्यांचे न्यू हेवन येथे निधन झाले. अखेरचा शोधनिबंध त्यांनी मृत्यूपूर्वी काही दिवसच प्रसिद्धीसाठी पाठविला होता. १९७४ मध्ये त्यांना ॲनी जंप कॅनन पारितोषिक मिळाले होते. त्यांच्या स्मरणार्थ अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १९८६ मध्ये पारितोषिक सुरू केले. दूरच्या दीर्घिकांच्या प्रकाशावरून त्यांचे वय व ताऱ्यांचा इतिहास काढण्याच्या आजच्या पद्धतींचे मूळ टिन्झली यांच्या प्रतिकृतींत आहे.