निजामी आणि एरिक क्लॅप्टन

उर्दूचा शिक्षक आणि हार्ड रॉकचा शौकीन, हे ऐकले की लोक आधी हसतात. त्यांना मी एकच गोष्ट सांगतो. माझ्या एका लाडक्या इंग्रजी अल्बमवर गीतकार म्हणून चक्क निजामी गंजवींचे नाव आहे.

अल्बम आहे डेरेक अँड द डॉमिनोजचा 'लैला अँड अदर असॉर्टेड लव्ह साँग्ज', १९७०चा. डेरेक म्हणजे एरिक क्लॅप्टनच. तेव्हा तो जॉर्ज हॅरिसनच्या, म्हणजे आपल्या मित्राच्याच बायकोवर, पॅटी बॉइडवर जीव टाकून बसला होता. इयन डॅलस नावाच्या स्कॉटिश मित्राने त्याला लैला-मजनूंचा किस्सा वाचायला दिला. हेच डॅलस पुढे शेख अब्दुल कादिर अस-सूफी म्हणून ओळखले गेले. क्लॅप्टनला त्यात स्वतःचेच दुःख दिसले. 'आय अॅम युअर्स' या गाण्याचे श्रेय त्याने निजामींसोबत वाटून घेतले. बाराव्या शतकातल्या फारसी शायराचे नाव गाळले असते, तरी कोण भांडायला जाणार होते? हा प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटतो.

लेड झेपेलिनचे 'काश्मीर' (फिजिकल ग्राफिटी, १९७५) याबाबत उणे पडते. रॉबर्ट प्लांटला ते सुचले दक्षिण मोरोक्कोच्या वाळवंटातल्या रस्त्यावर. काश्मीरशी त्याचा संबंध फक्त नावाचा. ढोल चारच्या ठेक्यात आणि गिटार तीनच्या, ही त्यातली कारागिरी मला आजही थक्क करते. पण काश्मीर या शब्दाचे ओझे आपल्या कानांना वेगळे जाणवते, त्याला काय करणार?

'लैला'कडे परत येतो. शीर्षकगीतातला प्रेमी तडफडतो, विनवतो, दिलासा मागतो. इथे निजामी आणि क्लॅप्टन यांच्या वाटा वेगळ्या होतात. इ.स. ११८८च्या त्या मसनवीत कैसचे वडील मुलाला काबागृही नेतात. या वेडातून सुटका माग, म्हणतात. तो उलट दुआ करतो, की हे इश्क वाढू दे, माझे आयुष्य कमी करून लैलाला दे. तेराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या अमीर खुसरोंनी याच कथेवर मसनवी लिहिली. सूफींना तर या मजनूंत मुरीदच दिसला. क्लॅप्टनला मात्र पॅटी हवी होती. १९७९मध्ये तिच्याशी त्याचे लग्न झाले, १९८९मध्ये घटस्फोट.

हा हिशेब मांडून मी बरीच वर्षे गाण्याला नापास करत होतो. शिक्षकाची खोड. मग एकदा उत्तरार्ध नीट ऐकला. तीनेक मिनिटांनी आरडाओरडा थांबतो, जिम गॉर्डनचा पियानो सुरू होतो आणि पुढे शब्दच नाहीत. मागणारा गप्प झालेला असतो. ड्यूएन ऑलमनची स्लाइड गिटार त्या पियानोवर तरंगत राहते आणि अगदी शेवटी पाखरासारखी चिवचिवते.

निजामींचा मजनूंही माणसांतून उठून रानातल्या जनावरांत राहायला जातो. क्लॅप्टनने ते पान वाचताना काय विचार केला असेल, कुणास ठाऊक. मला मात्र ती चिवचिव ऐकली की तेच रान दिसते.