जात्याची घरघर

आजी पहाटे दळायला बसायची. ११ डिसेंबर १९६७, सोमवार. त्या दिवशीही बसली होती. पाटण तालुक्यातलं आमचं गाव कोयनेच्या धरणापासून डोंगराच्या एका सोंडेपलीकडं. "हात थांबवला, तरी घरघर थांबंना," ती सांगायची. "मला वाटलं, खुंटा ढिला झाला. मग वाटलं, जातं पोटातनं बोलतंय." पुढच्या क्षणी मागची भिंत आत आली. चार वाजून एकवीस मिनिटं झाली होती, हे अर्थात तिला नंतर कळलं. तिला आठवायचं ते वेगळंच: सूपभर पीठ मातीत गेलं, आणि ती पहिल्यांदा ओरडली ती त्या पिठासाठी.

रिश्टर मापावर ६.३. कोयनानगर जमीनदोस्त झालं, पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. धरणाच्या भिंतीला चिरा पडल्या, पण धरण उभं राहिलं. हे आकडे मला शाळेत मिळाले. घरात मिळाली ती भांडणं.

कारण त्या थंडीत, अंगणात शेकोटीभोवती झोपणाऱ्या गावात एकच विषय होता: हे झालं कशानं? भजनी मंडळातले म्हातारे म्हणत, शेषानं फणा बदलला. आबा, म्हणजे माझे आजोबा, कट्टर माळकरी. तरी त्यांना ते पटत नव्हतं. "शेष काय आजचा हाय? इतकी वर्सं गप होता, आन् धरण भरल्यावरच बरा जागा झाला?" त्यांचं म्हणणं सरळ होतं. १९६२ पासून पाणी साठायला लागलं, तेव्हापासून भांडी वाजायला लागली. भूकंपाच्याच साली, १९६७ च्या सप्टेंबरातही मोठा दणका बसला होता. शिकलेल्या पाहुण्यांनी त्यांना वेड्यात काढलं. दख्खनचं पठार म्हणजे अचल, हे तेव्हा पुस्तकातलं वाक्य होतं.

मी भूगोल शिकलो तेव्हा पाहुण्यांच्या बाजूचा झालो. पृथ्वीचं कवच अखंड नाही, त्याचे मोठमोठे तुकडे आहेत, ते सरकतात, आणि जिथं कडेला कडा भिडते तिथं भूकंप होतात, ज्वालामुखी पेटतात. नकाशावर लाल ठिपक्यांच्या माळा. अंदमानजवळचं बॅरन बेट त्या माळेत नेमकं बसतं: आपला तुकडा तिथं पूर्वेकडच्या तुकड्याखाली घुसतो, खोल गेल्यावर वरचा खडक वितळतो आणि बेट धूर ओकतं. २००४ ची त्सुनामी त्याच शिवणीवरची. सगळं कसं चोख. फक्त त्या नकाशात पाटण कुठंच नव्हतं. सर्वांत जवळची शिवण हजाराहून अधिक किलोमीटरवर.

शाळेतल्या त्या नकाशावर माझा राग आहे तो यासाठी. तो खोटा नाही. पण जिथं नकाशा बघणारं पोर राहतं, त्या गावाबद्दल तो गप्प बसतो. आमच्या पायाखाली ज्वालामुखीचा खडक, आमच्या भिंतींना भूकंपाच्या चिरा, आणि दोन्हीला "कडेला कडा" हे उत्तर लागू पडत नाही. शिवाय दोघांचा एकमेकांशी संबंधही नाही.

आधी खडक. आबांनी दुष्काळात विहीर पाडली होती, सुरुंग लावून. तिच्या कडेला मला उभं करून ते वरून खाली बोट नेत: माती, मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. मांजऱ्यात बोराएवढी भोकं, त्यांत पांढरे स्फटिक. लहानपणी आम्ही ते खिसे भरून आणायचो. आणि पाषाणाखाली वीतभर जाडीचा तांबडा पट्टा, भट्टीतून काढलेल्या विटेसारखा. आबा त्याला गेरूच म्हणत. त्या पट्ट्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. लाव्हाचा एक थर थंड झाला, बराच काळ ऊनपाऊस खात पडून राहिला, त्याची माती झाली. मग वरून दुसरा थर आला आणि ती माती भाजून निघाली. म्हणजे दोन उद्रेकांमधली विश्रांती आबांच्या विहिरीत वीतभर उंचीची होती. सह्याद्रीचे टप्पे असेच थरावर थर चढून झाले, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी.

पण तेव्हा आपण इथं नव्हतो. भारताचा तुकडा हिंदी महासागरात, आज रीयुनियन बेट आहे त्या भागावरून उत्तरेकडे निघाला होता. खालून, कवचाच्याही खालून, एक झळ वर येत होती. चूल होती तिथंच राहिली, भाकरी पुढं सरकली. सरकत्या कवचावर त्या चुलीनं एकामागून एक डाग दिले: दख्खन, मग लक्षद्वीप-मालदीवची रांग, मग मॉरिशस, आणि आता रीयुनियन, जिथला ज्वालामुखी आजही वाहतो. एकोणिसाव्या शतकात कोकणातून ऊस तोडायला मॉरिशसला गेलेली मराठी माणसं तिथल्या काळ्या दगडावर गणपती बसवू लागली. तो दगड त्यांच्या गावच्या दगडाचा धाकटा भाऊ होता. त्यामुळं सह्याद्री पुन्हा पेटेल का, या प्रश्नावर मी निर्धास्त असतो. चूल फार मागं राहिली.

भूकंपाचं मात्र तसं नाही. आपला तुकडा उत्तरेत आशियाला भिडला, हिमालय उभा राहिला, पण ढकलणं थांबलेलं नाही. वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर. तो दाब सगळ्या तुकड्यात भिनतो, आणि आतल्या जुन्या भेगांवर साचून राहतो. कोयनेच्या खाली अशा भेगा आहेत. साठलेलं पाणी झिरपत त्यांच्यात उतरलं. गरम आमटीचं वाडगं ओल्या ओट्यावर ठेवलं की ते आपोआप सरकतं, हे कुठल्याही स्वयंपाकघरात दिसतं. खाली कोंडलेली हवा तापून वाडग्याला जरा उचलून धरते आणि घर्षण संपतं. भेगेतल्या पाण्याचा दाब हेच करतो. एकमेकांना घट्ट धरून बसलेले खडक सुटतात.

म्हणजे आबा निम्मे बरोबर होते. पाण्यानं निमित्त केलं. जोर आधीच साठलेला होता. धरणाच्या पाण्यानं चाळवलेला जगातला सर्वांत मोठा भूकंप म्हणून कोयनेचं नाव आज भूकंपशास्त्रात घेतलं जातं, आणि पावसाळ्यात जलाशय भरला की तिथले हादरे वाढतात हेही नोंदलेलं आहे. शेषाच्या बाजूनंही एक सांगायला हवं. ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या पहाटे, किल्लारी हादरली तेव्हा तिथं कोयनेसारखं प्रचंड धरण नव्हतं. सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणलेला तो भाग. माळवदाच्या जड छपरांखाली हजारो माणसं झोपेत गेली. कवच कधी कधी निमित्ताचीही वाट बघत नाही.

आबा १९९३ च्या आधीच गेले. कोयनेच्या परिसरात गोठणे इथं शास्त्रज्ञांनी भूकंपाचं मूळ शोधायला तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, तेही त्यांनी पाहिलं नाही. तिथं काळा पाषाण, मांजऱ्या, तांबडे पट्टे असं करत करत १२४७ मीटरवर लाव्हाचे थर संपले आणि त्याखाली कितीतरी जुना ग्रॅनाइट लागला. आबांची विहीर बेचाळीस फुटांवर थांबली होती. गोठण्याच्या हिशेबानं आणखी चार हजार फूट होते.